बारा लाख साठ हजारांचे घर

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये, माझ्या मावसबहिणीचा मुलगा एका रविवारी सकाळी चेंबूरला आमच्या घरी आला आणि चहाचा कप हातात घेण्याआधीच त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तो महापालिकेच्या घनकचरा खात्यात चतुर्थ श्रेणीत नोकरीला आहे आणि बायको व दोन मुलांसह गोवंडीला, देवनारच्या कचराभूमीजवळच्या बैंगणवाडीत भाड्याच्या खोलीत राहतो. नातेवाइकांत बँकेतून निवृत्त झालेला मी एकटाच असल्यामुळे पैशांचा कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी तो मला विचारायला येतो. कागद म्हणजे महापालिकेच्या एका परिपत्रकाची झेरॉक्स होती. माहुल येथील ९,०९८ सदनिका पालिकेच्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपयांना विकायच्या आहेत, असे त्यात म्हटले होते.

"मामा, साडेबारा लाखांत मुंबईत स्वतःचं घर मिळतंय. घेऊ का?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे असे समजायला हरकत नाही.

सव्वादोनशे चौरस फुटांची एक खोली, स्वयंपाकघर आणि संडास एवढ्या घराला आमच्या चेंबूरमध्ये आज काय दर पडतो हे येथे राहणाऱ्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. माहुल चेंबूरपासून रिक्षाने फार लांब नाही. तरीही रस्ता ओलांडून, मोनोरेलचे खांब मागे टाकून, शुद्धीकरण कारखान्यांच्या भिंतीपलीकडे गेले की घराची किंमत एकदम कोसळते. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना आम्हाला एक गोष्ट शिकवलेली असे, की बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मालमत्ता दिसली तर कागदपत्रांत दोष शोधावा. येथे कागदपत्रे चोख होती. दोष हवेत होता, आणि तो किमतीत आधीच धरलेला होता.

माहुल, आंबापाडा आणि गव्हाणपाडा ही मूळची कोळी-आगऱ्यांची गावे. समोर ठाण्याच्या खाडीचे तोंड, चिखलाची किनारपट्टी, तिवरे, आणि हिवाळ्यात त्या चिखलावर उतरणारे रोहित पक्षी, असा हा परिसर आहे. १९५४ आणि १९५५ मध्ये येथे एकापाठोपाठ एक दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. तेव्हा ते परदेशी कंपन्यांचे होते; सत्तरच्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन त्यांचे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. १९५६ मध्ये औष्णिक वीजकेंद्र आले, साठच्या दशकात खतांचा कारखाना आला, पुढे रसायने साठवण्याच्या टाक्या आल्या. गावे जागेवरच राहिली. त्यांच्याभोवतीची मोकळी जागा तेवढी संपत गेली. आज मोनोरेलच्या स्थानकांची नावेसुद्धा 'भारत पेट्रोलियम' आणि 'फर्टिलायझर टाउनशिप' अशी आहेत. दादर, परळ, गिरगाव ही माणसांनी वसवलेल्या जागांची नावे ज्या शहरात स्थानकांना मिळाली, त्याच शहराच्या या कोपऱ्यात कारखान्यांनी आपली नावे दिली.

याच कारखान्यांच्या भिंतीलगत सरकारी योजनेतून प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती बांधण्यात आल्या. सतरा हजारांहून अधिक घरे. मुंबईत रस्ता रुंद करायचा असो, नाला मोकळा करायचा असो, तेथील झोपड्या हटवल्या की 'पात्र' ठरलेल्या कुटुंबांना माहुलची चावी मिळे. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची वस्ती न्यायालयाच्या आदेशानंतर हटवली गेली, तेव्हा घाटकोपर, विद्याविहार आणि कुर्ला या भागांतील हजारो कुटुंबे २०१७ च्या सुमारास अशा रीतीने येथे येऊन पडली. आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी त्यांतल्याच. विद्याविहारला असताना त्यांना येणे-जाणे सोयीचे होते. माहुलला गेल्यावर दोन बस बदलून येऊ लागल्या आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांनी काम सोडले. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "ताई-दादा तुमच्याकडचं काम वाईट नाही, पण रात्री झोपले की छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं."

हे एका मावशींचे गाऱ्हाणे म्हणून सोडून देता आले असते. परंतु त्याआधीच गावातल्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, आणि केईएम रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागाने केलेल्या पाहणीत सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागते असे सांगितले होते. १८ डिसेंबर २०१५ च्या निकालात लवादाने माहुल आणि आंबापाड्यातील रहिवाशांच्या आरोग्याला तेथील हवेपासून जाणवण्याइतका धोका असल्याचे मान्य केले. तारीख मी मुद्दाम लिहिली आहे. जलवाहिनीवरची कुटुंबे येथे मोठ्या संख्येने आणली गेली ती या निकालानंतर. म्हणजे एका सरकारी यंत्रणेने ज्या हवेला धोकादायक म्हटले, तिच्यातच दुसऱ्या सरकारी यंत्रणेने पुनर्वसन या नावाखाली माणसे नेऊन ठेवली, आणि दोन्ही यंत्रणा आपापल्या फायलींनुसार बरोबरच होत्या.

८ ऑगस्ट २०१८ रोजी भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली आणि चेंबूरमधील आमच्या घराच्या खिडक्याही थरथरल्या. त्याच वर्षी माहुलची कुटुंबे विद्याविहारला पदपथावर आंदोलनाला बसली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोणालाही सक्तीने माहुलला पाठवू नये, तेथून बाहेर पडू इच्छिणाऱ्या जलवाहिनीग्रस्त कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी, असे आदेश दिले. २०२० च्या ऑगस्टमध्ये हरित लवादाने तेथील चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई बसवली. आणि या सगळ्यानंतर रिकाम्या पडलेल्या घरांचे काय करायचे, या प्रश्नाचे जे उत्तर निघाले, त्याची झेरॉक्स माझ्या भाच्याच्या खिशात होती.

न्यायालयाच्या आदेशानंतर प्रकल्पग्रस्तांवर जे घर लादता येईना, ते कर्मचाऱ्याला स्वस्तात देऊ करता येते. लादणे आणि देऊ करणे यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी नाकारत नाही. पण बैंगणवाडीत महिन्याला भाडे भरणाऱ्या, अकरा महिन्यांच्या कराराची मुदत संपत आली की खोलीमालकाच्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो फरक किती उरतो, हा माझा प्रश्न आहे. हानिकारक उद्योग आणि गरीब वस्ती हे शेजारी कसे होतात, याचे बरेचसे उत्तर मला या एका प्रश्नात सापडते.

या विषयावर बोलताना आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: "कारखाना आधीपासून होता, हे लोक नंतर येऊन बसले." माझ्याही तोंडी ते पूर्वी असे. माहुल गावाबद्दल ते सरळच खोटे आहे, कारण तेथे कोळीवाडा आधीचा आणि कारखाना नंतरचा. देवनारच्या कचराभूमीबद्दल मात्र ते वरवर खरे वाटते. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची आहे, सुमारे १३२ हेक्टर. आणि तिच्याभोवतीची दाट वस्ती त्यानंतरची, यात शंका नाही. पण ती वस्ती आली कशी? बैंगणवाडीच्या शेजारचे शिवाजीनगर ही काही रात्रीतून उगवलेली झोपडपट्टी नव्हे. सत्तरच्या दशकात महापालिकेनेच शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या लोकांना येथे दहा बाय पंधरा फुटांचे भूखंड आखून दिले. तेथील सरळ रेषेतल्या गल्ल्या आजही पाहिल्या तर आखणी कोणाची हे कळते. १९७१ मध्ये कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला हलवला गेला. १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्राला लागून असलेली जनता कॉलनी उठवून सुमारे ७०,००० माणसे चीता कॅम्पमध्ये नेण्यात आली. ती जनता कॉलनीसुद्धा मुळात बेटावरच्या मुंबईतून हटवलेल्या लोकांसाठी सरकारनेच वसवलेली होती. ज्यांना दोनदा उचलून ठेवले त्यांनाच पुढे "तुम्ही येथे का आलात?" असे विचारले जाते.

शहराला जे जे नकोसे होते, ते सर्व एका दिशेला जात राहिले: कचरा, कत्तलखाना, हटवलेली माणसे, आणि २००९ पासून रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळण्याची भट्टी. त्याच २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी-देवनारचा परिसर ज्यात येतो त्या एम-पूर्व विभागाचा मानव विकास निर्देशांक ०.०५ इतका, म्हणजे शहरातील सर्व विभागांत सर्वांत खालचा होता. आकडा इतका लहान आहे की प्रथम वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

गरिबी हे या शेजाराचे कारण आहे, असे म्हणताना मला 'अज्ञान' हा शब्द टाळावासा वाटतो. तो सोयीचा शब्द आहे. त्याने दोष पुन्हा गरिबावर जातो. माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातून १९६१ साली मुंबईत आले. भातशेतीत वर्षाचे पोट भरत नव्हते. काही वर्षे एका खानावळीत गाळ्यावर राहून काढल्यानंतर ते ट्रॉम्बेच्या पट्ट्यातील एका रसायन कारखान्यात लागले आणि तीन वर्षांनी कायम झाले. ज्या खात्यात ते होते तेथे धूळ फार असे, म्हणून पाळी संपताना कामगारांना गूळ वाटत. गुळाने छातीतली धूळ खाली उतरते, असा तेव्हा सर्वांचा विश्वास होता. व्यवस्थापनाचाही असावा, कारण गूळ मास्कपेक्षा स्वस्त असतो. वडिलांना धूळ वाईट हे ठाऊक नव्हते असे समजू नये. घरी आल्यावर ते शर्ट बाहेरच्या दोरीवर टाकत आणि हातपाय धुतल्याशिवाय आम्हा मुलांना जवळ घेत नसत. त्यांना सर्व ठाऊक होते. त्या पगारावर गावी मनीऑर्डर जात होती, माझी फी भरली जात होती, आणि आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. निवृत्तीनंतर खोकला जडला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "विडी ओढत होता का?" वडील म्हणाले, हो. मग पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. त्याच धुरावर आमचे घर मध्यमवर्गात आले. साठ-सत्तरच्या दशकांत ट्रॉम्बेच्या कारखान्यांत कायम झालेल्या कामगाराला बोनस होता, कॅन्टीन होते, दवाखाना होता, युनियन होती; वासाबरोबर पगारही त्याच घरात येत असे. म्हणून आमच्या चाळीत त्या वासाबद्दल कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. आज परिस्थिती अशी आहे की कायम नोकऱ्या आटल्या, यंत्रे वाढली, आणि भिंतीबाहेरच्या वस्तीतून आत जातो तो बहुधा कंत्राटदाराचा माणूस. त्याची हजेरी मुकादमाच्या वहीत असते, कारखान्याच्या नोंदीत नाही. तो आजारी पडला तर आजार आणि काम यांचा कागदोपत्री संबंध जोडायचा कशाच्या आधारावर? सहा महिने एका ठिकाणी, चार महिने दुसऱ्या ठिकाणी, मधले दोन महिने नाक्यावर. क्षय, दमा, विडी, ओलसर खोली, चुलीचा धूर, गटार, डंपिंग. गरीब माणसाच्या छातीला इतकी कारणे आधीच लागलेली असतात की त्यांतले एक कारखान्याचे आहे हे सिद्ध करणे त्यालाच अवघड होऊन बसते. उद्योगाला याहून मोठे संरक्षण कोणते हवे?

याचा विचार करताना मला अमेरिकेतली एक जुनी गोष्ट आठवते. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन मंडळासाठी एका सल्लागार संस्थेने अहवाल तयार केला. कचरा जाळून वीज करणारे प्रकल्प कोठे उभारले तर सर्वांत कमी विरोध होईल, याची तपासणी त्यात होती, आणि उत्तर होते: कमी उत्पन्नाच्या, कमी शिकलेल्या, वयस्क वस्तीत. १९९१ च्या डिसेंबरमध्ये जागतिक बँकेच्या मुख्य अर्थतज्ज्ञांच्या, लॉरेन्स समर्स यांच्या, सहीचे एक अंतर्गत टिपण फिरले. प्रदूषण करणारे उद्योग गरीब देशांत हलवणे आर्थिकदृष्ट्या योग्यच आहे, कारण तेथे माणसाच्या आजारपणाने बुडणारी मजुरीच कमी असते, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे ते उपरोधाने लिहिले होते असा खुलासा झाला. उपरोध असेल, पण बँकेत तीस वर्षे काढलेल्या मला त्यातले गणित अनोळखी वाटले नाही. आपल्याकडे असे टिपण कोणी लिहीत नाही. जमिनीचा भाव ते काम न लिहिता करतो.

त्या गणिताचा पुरावा मला माझ्या गावाजवळच मिळाला. वडील ज्या तालुक्यातून पोटासाठी बाहेर पडले, त्याच खेड तालुक्यात पुढे लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत झाली आणि रासायनिक कारखाने आले. त्या वसाहतीचे पाणी ज्या दाभोळच्या खाडीकडे जाते तेथील भोई आणि खारवी मच्छीमार वर्षानुवर्षे मासे मेल्याच्या तक्रारी करत आले आहेत. गणपतीला गावी गेलो की वाडीतले तरुण दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात: नदीला वास येतो, आणि भावाला कंपनीत चिकटवता येईल का बघा. त्यांना यात विसंगती दिसत नाही, आणि खरे तर ती नाहीही. इटलीत व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना होता. तेथे 'पीफास' या गटातील, निसर्गात जवळजवळ कधीच न विघटित होणारी रसायने बनत. त्या रसायनांनी साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या परिसरातील पाणी दूषित झाले. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला आणि २०२५ च्या जूनमध्ये तेथील न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. कारखान्याची यंत्रसामग्री मात्र त्यापूर्वीच लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली होती. ती जहाजाने आली आणि लोट्याला उभी राहिली. इटलीत आया मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे छापलेले सदरे घालून मोर्चे काढू शकल्या, कारण तेथे सरकारने मुलांचे रक्त तपासले होते. खेड तालुक्यातल्या मुलांच्या रक्तात आज काय आहे, किंवा नाही, हे नोंदवून ठेवणारी तशी तपासणीच नसेल, तर दहा वर्षांनी तुलना कशाशी करणार?

नव्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचे म्हणणे ऐकण्याची, म्हणजे जनसुनावणीची, सोय कायद्याने १९९७ पासून आहे, असे यावर सांगितले जाते. मी एका जनसुनावणीला गावकऱ्यांबरोबर गेलो होतो. मंडप, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, पोलीस, आणि टेबलावर पर्यावरण परिणाम अहवालाचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ. मराठीत फक्त काही पानांचा सारांश. एका वयस्क गृहस्थांनी उठून विचारले, "साहेब, यातल्या कुठल्या पानावर आमच्या विहिरीचं लिहिलंय?" त्यावर मुद्दा नोंदवून घेतला आहे, असे उत्तर मिळाले. पुढे २०२० मध्ये खुद्द या प्रक्रियेच्या नियमांचा मसुदा सुधारला जात असताना तोही इंग्रजी आणि हिंदीतच निघाला, आणि तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत द्यावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. सुनावणीचा दिवस हा मजुराच्या रोजंदारीचा दिवस असतो, हेही येथे नमूद करून ठेवतो; त्या दिवशी जे दिवसभर बसू शकतात त्यांचेच म्हणणे इतिवृत्तात येते.

गोवंडीच्या लोकांनी चिकाटी धरली, हे मान्य केले पाहिजे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्टीविरुद्ध तेथील रहिवासी संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ती दोन वर्षांत हलवण्यास सांगितले. बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. मग पुढची ओळ वाचली: नवी जागा रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात. मुंबईच्या रुग्णालयांचा कचरा मुंबईतल्या दुबळ्यांना झेपेनासा झाला, की तो मुंबईबाहेरच्यांकडे निघतो. मलबार हिलवर किंवा आमच्या चेंबूरच्या डायमंड गार्डनजवळ जागा पाहावी, असे कोणी सुचवल्याचे माझ्या वाचनात नाही. मीही सुचवले नव्हते.

देवनारचेही तसेच. २०१६ च्या जानेवारीत कचराभूमीला आग लागली तेव्हा धूर आमच्याकडेही आला, पालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि तेवढे काही दिवस 'मुंबईची हवा' हा सर्वांचा विषय झाला. धूर विरला तसा विषयही. २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासासाठी त्याच कचराभूमीची १२४ एकर जमीन देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. धारावीत ज्यांना 'अपात्र' ठरवले जाईल अशा कुटुंबांसाठी तेथे घरे बांधायची आहेत. आधी १८५ लाख टन जुना कचरा हटवून जमीन मोकळी करण्याची निविदाही निघाली. कचरा हटेलही, शंका घेणे हा माझा हेतू नाही. मला फक्त हे लक्षात येते की ठरवून दिलेल्या (कट-ऑफ) तारखेआधीपासून तेथे राहत असल्याच्या पुराव्याचा एक कागद कमी असणे आणि कचऱ्याच्या डोंगराखालची माती वाट्याला येणे, या दोन गोष्टींत आता थेट संबंध जोडला गेला आहे.

भाच्याकडे परत येतो. त्या रविवारनंतरच्या शनिवारी तो, त्याची बायको आणि मी असे तिघे माहुलला घरे पाहायला गेलो. मोनोरेल जवळजवळ रिकामी होती. खिडकीतून टाक्या, नळकांड्यांचे जाळे, एका उंच चिमणीवर दिवसाउजेडीही दिसणारी ज्योत, आणि मधूनच खाडीचे चकाकणारे पाणी असे सगळे दिसत होते. इमारतींजवळ उतरलो तेव्हा वास फारसा नव्हता. तळमजल्यावरचा किराणा दुकानदार म्हणाला की वारा पडला की रात्री येतो, दिवसा काही नसते. काही इमारतींत एकेका मजल्यावर दोन-तीनच घरांची दारे उघडी होती. जिन्यातल्या दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी आम्हाला आपले घर दाखवले. त्यांनी घर लखलखीत ठेवले होते. खिडकीला मात्र ओले फडके लावले होते.

माझ्या भाचेसुनेने त्यांना जे प्रश्न विचारले ते मी मनात टिपून ठेवले. पाणी किती वेळ येते? लिफ्ट चालते का? शाळा कुठे? मुलीला रात्री क्लासवरून यायला रिक्षा मिळते का? कामाला जाताना सकाळी पहिली बस किती वाजता? हवेबद्दल तिने काहीच विचारले नाही. परतताना मी तिला ते बोलून दाखवले, आणि थोडे अधिकारवाणीने केईएमची पाहणी, लवादाचा निकाल वगैरे सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले.

"मामा, तुम्ही म्हणता ते बरोबरच असणार," ती म्हणाली. "पण आता राहतो तिथे काय अत्तर शिंपडतात? तिथे भाडं भरून डंपिंगचा वास घेतो. इथे निदान वास तरी स्वतःच्या मालकीच्या घरात येईल."

मी बँकेच्या सवयीने हिशेब मांडून दिला. १२ लाख ६० हजारांवर हप्ता किती, दवाखान्याचा खर्च किती धरावा, बसचे भाडे किती. दवाखान्याच्या रकान्यात कोणता आकडा घालावा हे मला कळेना, म्हणून तो रकाना मोकळा ठेवला. तिने कागद पाहून विचारले की इथे शून्य समजायचे का. अर्ज फारच थोडे आले आणि पालिकेने मुदत वाढवली, असे पुढे वर्तमानपत्रात वाचले. हजारो चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांनी, म्हणजे शहराचा कचरा रोज हाताळणाऱ्या माणसांनीही, या घरांकडे पाठ फिरवली होती. भाच्याने फोनवर सांगितले की खात्यातल्या कोणीच भरला नाही म्हणून तोही थांबला आहे. खोलीमालकाने नव्या करारात भाडे हजार रुपयांनी वाढवले आहे. परिपत्रकाची झेरॉक्स त्याने टाकून दिलेली नाही. बायकोने ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.